परवाना कोणाला, सूट कोणाला? भूवैज्ञानिकांच्या कायद्यातले अपवाद

मागेपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

मागच्या व्याख्यानात आपण तज्ज्ञ आणि सामान्य माणूस यांच्यातल्या विश्वासाबद्दल बोललो. प्लेटोच्या 'गॉर्जियास'मधलं उदाहरण घेतलं होतं. लहान मुलांच्या न्यायसभेपुढे एकीकडे वैद्य आणि दुसरीकडे गोडधोड करणारा आचारी उभा केला, तर मुलं कोणाच्या बाजूने निकाल देतील? व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ म्हणाले, "बाई, यावर उपाय म्हणूनच तर सरकार परवाने देतं. मग प्रश्न सुटला की!" त्यांना मी तेव्हा घाईत काहीतरी उत्तर दिलं. घरी गेल्यावर ते उत्तर मलाच पटेना, म्हणून आजचा विषय.

विषय जरा आडवळणाचा आहे. डॉक्टर-वकिलांच्या परवान्यांबद्दल सगळे बोलतात. मी बोलणार आहे अमेरिकेतल्या भूवैज्ञानिकांच्या परवान्याबद्दल, आणि त्यातही परवाना कोणाला लागतो यापेक्षा कोणाला लागत नाही याबद्दल. हा विषय मला सुचला तो एका घरगुती गप्पांमधून. माझा भाचा ह्यूस्टनला एका तेलकंपनीत भूवैज्ञानिक आहे, बारा वर्षं झाली. त्याची कॉलेजातली वर्गमैत्रीण, पुण्यातल्या एकाच वर्गातली दोघं, कॅलिफोर्नियात आहे. ती डोंगरउतारावरचे घरांचे प्लॉट तपासते आणि इथे पाया घालता येईल की नाही याचा अहवाल देते. तिने दोन परीक्षा दिल्या, अनुभवाचे दाखले जोडले, तेव्हा कुठे तिला स्वतःचा शिक्का मिळाला. भाच्याकडे असलं काही नाही. मी विचारलं, "तुला का लागत नाही रे?" तो म्हणाला, "तेलवाल्यांना सूट आहे, मावशी." का सूट आहे? "कायद्यात आहे." आता तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या बाईला 'कायद्यात आहे' हे उत्तर कसं पुरणार?

आधी थोडी माहिती. अमेरिकेत भूवैज्ञानिकांचा परवाना केंद्र सरकार देत नाही, राज्य देतं. ॲरिझोनाने सर्वांत आधी, १९५६ साली, भूवैज्ञानिकांची नोंदणी सुरू केली. कॅलिफोर्नियाचा कायदा १९६८चा. टेक्सास, जिथे भूवैज्ञानिक रेल्वेच्या डब्यासारखे भरलेले असतात, तिथे कायदा व्हायला २००१ साल उजाडलं. आज निम्म्याहून अधिक राज्यांत असा कायदा आहे. चौकट बहुतेक ठिकाणी सारखी: भूविज्ञानातली पदवी, जाणत्या माणसाच्या हाताखाली काही वर्षांचा अनुभव, आणि दोन परीक्षा, एक मूलतत्त्वांची आणि एक प्रत्यक्ष व्यवसायाची. हे सगळं पार पडलं की स्वतःच्या नावाचा शिक्का. अहवालावर तो शिक्का आणि सही असली म्हणजे 'या कागदातल्या मजकुराला मी जबाबदार आहे' असा त्याचा अर्थ. चूक निघाली तर परवाना काढून घेता येतो.

आता सूट. राज्याराज्यांत शब्द वेगळे असतात, पण मंडळी साधारण तीच. केंद्र सरकारचे कर्मचारी, सरकारी कामापुरते. विद्यापीठात शिकवणारे आणि संशोधन करणारे. परवानाधारकाच्या हाताखाली काम करणारे. स्थापत्य अभियंत्यांनाही त्यांच्या कामाच्या ओघात येणाऱ्या मातीदगडापुरती मोकळीक असते. आणि आमचे भाचेबुवा: कॅलिफोर्नियाच्या कायद्यात पेट्रोलियम कंपन्यांच्या अधिकारी-कर्मचाऱ्यांना सूट आहे, मात्र त्यांनी बाहेरच्या लोकांना पैसे घेऊन सल्ला देता कामा नये. टेक्सासमध्ये खासगी उद्योगाने स्वतःसाठी चालवलेला तेल, वायू आणि खनिजांचा शोध कायद्याच्या बाहेर ठेवलेला आहे.

म्हणजे गंमत बघा. ज्या टेक्सासमध्ये भूवैज्ञानिकाचं मुख्य काम तेल शोधणं, तिथे मुख्य कामालाच परवाना नाही! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हा उघडउघड तेलकंपन्यांच्या वजनाचा परिणाम वाटला. वजन असेलही, कायदे काही पोकळीत होत नाहीत. पण एखाद्या गोष्टीमागे कोणाचा स्वार्थ आहे हे सांगितलं म्हणजे ती गोष्ट चूक आहे हे सिद्ध होत नाही. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना तीस वर्षं सांगत आले, तेव्हा मलाही ते पाळलं पाहिजे.

तर आधी विचारूया की परवाना मुळात कशासाठी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १८८९ साली हा प्रश्न आला होता. डेंट नावाचे एक डॉक्टर वेस्ट व्हर्जिनियात व्यवसाय करत होते. राज्याने परवान्याचा कायदा केला, त्यांची पदवी मान्य झाली नाही, आणि त्यांनी दाद मागितली की माझा धंदा हिरावून घेतला. न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. कारण थोडक्यात असं, की डॉक्टरकडे सगळ्यांनाच कधी ना कधी जावं लागतं, आणि जाणाऱ्याला त्याची विद्या पारखता येत नाही. म्हणून राज्याने ती पारखून द्यावी.

याच्या उलट बाजूला मिल्टन फ्रीडमन. त्यांच्या १९६२च्या 'कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम' या पुस्तकात परवान्यांवर एक प्रकरण आहे. त्यात त्यांनी तीन पायऱ्या केल्या. नुसती नोंदणी, म्हणजे नाव-पत्ता लिहून ठेवणं. दुसरी प्रमाणपत्र, म्हणजे 'हा जाणकार आहे' असं सरकारने म्हणायचं, पण इतरांना कामाची बंदी नाही. तिसरी परवाना, म्हणजे तो नसेल तर कामच करायचं नाही. फ्रीडमन यांचं म्हणणं असं की तिसऱ्या पायरीवर पोचलं की जे आत आहेत ते दार लावून घेतात, आणि लोकांच्या रक्षणाच्या नावाखाली स्वतःच्या कमाईचं रक्षण करतात. या म्हणण्यात तथ्य नाही असं कोण म्हणेल?

परवान्याचा हात फार लांबवर गेला तर काय होतं याचं एक उदाहरण ओरेगन राज्यातलं आहे. मॅट्स यार्लस्ट्रॉम नावाच्या गृहस्थांच्या पत्नीला सिग्नलवरच्या कॅमेऱ्यामुळे दंड झाला. हे स्वीडनमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले. पिवळ्या दिव्याची वेळ चुकीच्या गणितावर ठरवली जाते, असं त्यांनी हिशेब मांडून दाखवलं आणि पत्रं लिहिली. राज्याच्या अभियंता मंडळाने त्यांनाच ५०० डॉलर दंड केला, परवाना नसताना अभियांत्रिकी केली म्हणून! शेवटी २०१८ साली न्यायालयाने त्यांची बाजू मान्य केली. गणित मांडणं हासुद्धा परवान्याचा विषय झाला तर आपण सगळेच गुन्हेगार.

म्हणजे परवाना हवाही आणि त्याला सीमाही हवी. सीमा कुठे, हे सूट सांगते. इथे मला पाणिनीची आठवण येते, आणि तुम्ही हसलात तरी मी ती सांगणार आहे. संस्कृत व्याकरणात सर्वसाधारण नियमाला 'उत्सर्ग' म्हणतात आणि विशेष नियमाला 'अपवाद'. शाळेतला संधी आठवा. इ-कारापुढे स्वर आला की इ-चा य होतो: इति अधिक आदि, इत्यादि. हा उत्सर्ग. पण पुढे तोच स्वर आला तर? रवि अधिक इंद्र याचं 'रव्यिंद्र' होत नाही, 'रवींद्र' होतं. हा अपवाद. वैयाकरण म्हणतात, अपवाद बलवान, कारण त्याला दुसरीकडे कुठे जागाच नाही. त्याच्या जागीही उत्सर्गच चालवला तर अपवाद सांगितला कशाला?

पण माझ्या आजच्या विषयासाठी महत्त्वाचं पुढे आहे. 'रवि' आणि 'इंद्र' यांच्यामध्ये पहिला नियम थांबतो तेव्हा तिथे काहीच उरत नाही असं नाही. तिथे दुसरा नियम काम करतो, दोन ऱ्हस्व मिळून दीर्घ. जागा मोकळी राहत नाही. मग कायद्यातल्या प्रत्येक सुटीला मी हाच प्रश्न विचारते: परवान्याचा नियम इथे थांबला, ठीक; त्याच्या जागी कोणता नियम उभा आहे?

लावून बघू. केंद्रीय कर्मचाऱ्यांची सूट सोपी आहे, ती राज्यघटनेतून येते. १९२०चा एक खटला आहे. टपालखात्याचा ड्रायव्हर मेरिलँडमधून टपालाची गाडी घेऊन चालला होता, त्याला राज्याच्या पोलिसांनी परवाना नाही म्हणून पकडलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, केंद्राच्या कामावर कोण लायक हे केंद्र ठरवेल, राज्याने मध्ये पडायचं नाही. म्हणजे तिथे केंद्राचा भरतीचा नियम उभा आहे.

हाताखालच्यांचंही तसंच. शिक्का साहेबाचा, जबाबदारी साहेबाची. नवखा मुलगा परवान्याआधी कुठेतरी शिकला तर पाहिजेच ना. ही सूट नसती तर अनुभवाची अट कोणालाच पुरी करता आली नसती. इथली मेख एवढीच की साहेबाने खरोखर काम बघितलं पाहिजे. न वाचता मारलेला शिक्का कसला असतो, हे ज्यांनी सरकारी कचेरीत अर्ज अटेस्ट करून घेतलेत त्यांना मी काय सांगू!

शिक्षक-संशोधकांच्या सुटीबद्दल मला जास्त आपुलकी आहे, कारण ती माझी जात आहे. भूविज्ञान शिकवायला राज्याचा परवाना लागला असता तर? मग खंड सरकतात हे शिकवावं की नाही, हे परवाना मंडळाने ठरवलं असतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आल्फ्रेड वेगेनर यांची कल्पना अमेरिकेतल्या बहुतेक नामवंत भूवैज्ञानिकांनी उडवून लावली होती. त्यातलेच नामवंत मंडळावर बसले असते. विद्यापीठात चूक करण्याचं स्वातंत्र्य लागतं, आणि तिथे उभा असलेला नियम म्हणजे बरोबरीच्या लोकांची टीका. पण प्राध्यापक महाशय शनिवारी एखाद्या बिल्डरला सल्ला द्यायला गेले, की सूट संपते. तिथे ऐकणारा विद्यार्थी नाही, घर घेणारा माणूस आहे.

घर घेणाऱ्या माणसावरून लॉस एंजेलिसकडे येते, कारण हा सगळा कायदा तिथल्या उतारांवर जन्मला असं म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे डोंगर कापून घरं बांधण्याची लाट आली. १९५१-५२च्या हिवाळ्यात पाऊस असा झाला की कापलेले उतार घरांसकट खाली आले. १९५२ साली शहराने उतार कापण्या-भरण्यावर नियम आणले, आणि १९६३ साली ते आणखी कडक करून भूवैज्ञानिकाचा अहवाल त्यात बसवला. दरम्यान १९५६ साली जवळच्या पालोस व्हेर्डेस द्वीपकल्पावर पोर्तुगीज बेंड इथे जमिनीचा एक प्रचंड तुकडाच समुद्राकडे सरकू लागला, आणि शंभरावर घरं गेली. मग १९६८-६९च्या हिवाळ्यात पुन्हा मोठा पाऊस आला. त्यानंतर मोजदाद झाली, ती ऐकण्यासारखी आहे. १९५२पूर्वी तयार केलेल्या सुमारे १० हजार प्लॉटांपैकी हजारावर प्लॉटांचं नुकसान झालं होतं, म्हणजे दहा टक्के. १९५२ ते ६२मधल्या सुमारे २७ हजारांपैकी ३५०, म्हणजे एक टक्क्याच्या थोडं वर. आणि १९६३नंतरच्या ११ हजारांपैकी १७. फक्त सतरा! जुन्या उतारांना झिजायला जास्त वेळ मिळाला होता वगैरे हिशेब त्यात धरावा लागेल, तरी फरक डोळ्यांत भरतो. फ्रीडमनसाहेबांना मी हा तक्ता दाखवला असता.

आता सुटीमुळे काय होऊ शकतं, त्याची गोष्ट. पुण्यात माझ्या वयाच्या माणसांना धरण फुटणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. १२ जुलै १९६१ला मी शाळकरी मुलगी होते. पाणी ओसरल्यावरचा चिखलाचा वास अजून नाकात आहे. त्यामुळे सेंट फ्रान्सिस धरणाबद्दल वाचताना मी तटस्थ राहू शकत नाही, हे आधीच कबूल करते.

लॉस एंजेलिस शहराच्या पाणीखात्याने १९२४ ते २६ या काळात सॅन फ्रान्सिस्किटो खोऱ्यात हे काँक्रीटचं धरण बांधलं. खात्याचे प्रमुख विल्यम मलहॉलंड. हा माणूस विलक्षण होता. आयर्लंडमधून आलेला, औपचारिक पदवी नाही, कालव्यातला गाळ काढण्यापासून सुरुवात करून शहराला दोनशेहून अधिक मैलांवरून पाणी आणणारा. शहराचा त्यांच्यावर आंधळा म्हणावा असा विश्वास. बांधकाम चालू असताना धरणाची उंची दोनदा वाढवली, प्रत्येक वेळी सुमारे तीन मीटर, आणि पाया त्या मानाने रुंद केला नाही.

आणि धरणाखाली काय होतं? एका कुशीत असा खडक, जो कोरडा असताना घट्ट दिसे, पण तुकडा पाण्याच्या भांड्यात टाकला की विरून जाई. दुसऱ्या कुशीत एक प्राचीन दरड, कधीकाळी घसरून थांबलेली. धरण फुटल्यावर त्याच वर्षी स्टॅनफर्डचे भूवैज्ञानिक बेली विलिस यांनी ती दरड ओळखली. ओळखता येत होती, म्हणजे बघायला कोणी गेलं असतं तर.

१२ मार्च १९२८च्या सकाळी धरणाच्या राखणदाराने गढूळ पाणी झिरपताना पाहून निरोप धाडला. मलहॉलंड स्वतः आले, पाहिलं, आणि धोका नाही असं सांगून परत गेले. त्याच रात्री बाराला दोन-तीन मिनिटं असताना धरण गेलं. पाणी साडेपाच तास वाहत ८० किलोमीटरहून दूर समुद्राला मिळालं. चारशेहून अधिक माणसं मेली. त्यात शेतमजूर होते, ज्यांना ते धरण कोणी बांधलं हेसुद्धा माहीत नसेल.

आता इथे सूट कुठे आली? कॅलिफोर्नियात १९१७पासून धरणांवर राज्याच्या अभियंत्याची देखरेख ठेवणारा कायदा होता. पण ज्या नगरपालिकेचा स्वतःचा अभियांत्रिकी विभाग आहे, तिला त्यातून सूट होती. कागदावर किती समंजस वाटतं! ज्यांच्याकडे स्वतःचे जाणकार आहेत त्यांना पुन्हा बाहेरचा तपासनीस कशाला? माझा प्रश्न लावा: राज्याचा नियम थांबला, जागी कोण? पालिकेचा विभाग. आणि विभाग म्हणजे कोण? मलहॉलंड. बांधणारे तेच, तपासणारे तेच, आणि त्या सकाळी 'ठीक आहे' म्हणणारेही तेच. अपवादाच्या जागी दुसरा नियम नव्हता, एक माणूस होता. चौकशीत ज्यूरीने हेच सांगितलं, की माणूस कितीही थोर असो, मोठ्या धरणाचं काम एकट्याच्या निर्णयावर सोडू नये. मलहॉलंड यांनी, त्यांना मी हे श्रेय देते, चौकशीत दोष दुसऱ्यावर ढकलला नाही. चूक माणसाची असेल तर तो माणूस मी, असं ते म्हणाले.

पुढच्याच वर्षी, १९२९ साली, नगरपालिकांची ती सूट काढून टाकली आणि स्थापत्य अभियंत्यांच्या नोंदणीचाही कायदा आला. भूवैज्ञानिकांना मात्र आणखी ३९ वर्षं थांबावं लागलं, धरण ज्या कारणाने गेलं ते कारण त्यांच्याच शास्त्राचं असून.

आता भाच्याकडे. तेलकंपनीच्या सुटीमागचा युक्तिवाद असा: भूवैज्ञानिकाने सांगितलं इथे तेल आहे, कंपनीने विहीर खणली, कोरडी निघाली. नुकसान कोणाचं? कंपनीचं. शिवाय कंपनीकडे दहा भूवैज्ञानिक आहेत, ते एकमेकांचं काम तपासतात. म्हणजे दुसरा नियम उभा आहे: ज्याचं नुकसान, त्याचीच पारख. वेस्ट व्हर्जिनियाचा रोगी डॉक्टरला पारखू शकत नव्हता, तेलकंपनी भूवैज्ञानिकाला पारखू शकते. हा युक्तिवाद मला बराच पटतो, आणि भाच्याला मी तसं फोनवर सांगितलंही. तो खूश झाला. मग मी म्हटलं, थांब.

कॅनडातल्या ब्रे-एक्स कंपनीचं प्रकरण तुमच्यापैकी शेअरबाजारवाल्यांना माहीत असेल. इंडोनेशियात बोर्निओ बेटावर बुसांग इथे सोन्याचा अफाट साठा सापडल्याचं कंपनीने जाहीर केलं. शेअर आकाशाला भिडला. १९९७ साली उघड झालं की खडकाच्या नमुन्यांत बाहेरचं सोनं मिसळलेलं होतं, आणि जमिनीत सांगण्यासारखं काही नव्हतं. खनिजाचा शोध, खासगी उद्योग, कंपनी स्वतःसाठी करत असलेलं काम: सूट द्यायला किती योग्य प्रकरण! पण नुकसान कंपनीपुरतं थांबलं नाही. त्यात निवृत्तिवेतन निधींचे पैसे होते, सामान्य माणसांची पुंजी होती. ज्याचं नुकसान त्याला पारख नव्हती. ऑन्टारिओने २००० साली भूवैज्ञानिकांच्या परवान्याचा कायदा केला, आणि २००१पासून कॅनडाच्या शेअरबाजारात खनिजसाठ्याचा दावा करायचा तर त्यामागे जबाबदार, पात्र व्यक्तीचं नाव लागतं. अमेरिकेच्या रोखे आयोगानेही २०१८ साली खाणकंपन्यांसाठी तसाच नियम स्वीकारला. सूट तिच्या जागी राहू दिली, पण मोकळ्या राहिलेल्या जागेत दुसरा नियम आणून बसवला. पाणिनीला आवडलं असतं.

दुसरं उदाहरण भूविज्ञानातलं नाही, पण चुलतभावाचं आहे. अभियंत्यांच्या कायद्यातही उद्योगांना अशीच सूट असते. मॅसॅच्युसेट्समध्ये १३ सप्टेंबर २०१८ला लॉरेन्स आणि शेजारच्या दोन गावांत घराघरांतून आगी लागल्या, स्फोट झाले. एक अठरा वर्षांचा मुलगा गेला. गॅसकंपनी जुनी बिडाची वाहिनी बंद करून नवी जोडत होती. दाब मोजणाऱ्या नळ्या मात्र जुन्याच वाहिनीला राहिल्या. जुनीतला दाब उतरला, यंत्रणेला वाटलं गॅस कमी पडतोय, आणि तिने नव्या वाहिनीत गॅस सोडत सोडत दाब भलताच वाढवला. कामाच्या आराखड्यावर परवानाधारक अभियंत्याचा शिक्का नव्हता, कारण राज्याच्या कायद्यात अशा कंपन्यांना सूट होती. अपघातांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने ती सूट काढायची शिफारस केली, राज्याने वर्ष संपायच्या आत तसं केलं. मग मंडळाने आणखी ३१ राज्यांना तेच सांगितलं. आता मला सांगा, शिक्का असता तर चूक सापडलीच असती का? सांगता येत नाही. पण 'हे मी पाहिलं' असं म्हणणारा एक माणूस तरी असता, आणि सही करण्याआधी बहुतेक माणसं एकदा तरी नीट वाचतात.

वेळ होत आलाय. प्रश्न घेते. हां, तुम्ही.

(प्रश्न: आपल्याकडे भूवैज्ञानिकांना परवाना लागतो का?)

नाही. डॉक्टर, सनदी लेखापाल, वकील, वास्तुरचनाकार यांचे कायदे आहेत. वकिलांचा १९६१चा, वास्तुरचनाकारांचा १९७२चा. भूवैज्ञानिकांचा असा कायदा नाही. खाणीचा आराखडा करायला पात्रता ठरवून दिलेली आहे, तेवढं एक क्षेत्र सोडा. म्हणजे आपल्याकडे सूट कोणाला हा प्रश्नच येत नाही, सगळेच सुटलेले!

(प्रश्न: मग पाणाड्याचं काय? आमच्या गावात बोअर कुठे मारायचं ते नारळ हातावर घेऊन तोच सांगतो. पैसे शेतकऱ्याचे, नुकसान शेतकऱ्याचं. तुमच्या हिशेबाने त्याला सूट योग्यच ठरते.)

हा प्रश्न मला अडचणीत टाकणारा आहे, आणि चांगला आहे. तेलकंपनी आणि शेतकरी, दोघंही आपल्याच पैशाने खणतात, हे खरं. पण कोरडी विहीर निघाली तर कंपनी पुढची खणते, आणि त्या भूवैज्ञानिकाला नारळ देते, वेगळ्या अर्थाने. शेतकऱ्याचं बोअर कोरडं गेलं तर पाणाड्या म्हणतो, अजून पन्नास फूट जा. कर्ज काढून तो जातो. त्याला पारखायला दुसरं कोणी हाताशी नाही. म्हणजे मघाशी मी 'ज्याचं नुकसान, त्याचीच पारख' असं एका दमात म्हटलं, त्यात दोन गोष्टी आहेत आणि त्या सुट्या होऊ शकतात. नुकसान त्याचं असतं, पारख असेलच असं नाही. हे मी वाढवून लिहायला हवं होतं, तुम्ही लक्षात आणून दिलंत. पाणाड्यावर बंदी घाला असं मी म्हणणार नाही. ती पाळली जाणार नाही, आणि गावात वैर तेवढं होईल. पण भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्ह्याला कार्यालयं आहेत, तिथे भूवैज्ञानिक बसतात. बोअरवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी एक खेप तिकडे घालावी, एवढं तुमच्या गावात जरूर सांगा.

आणखी एक हात वर आहे, पण हॉलवाल्यांचे दिवे दोनदा मिणमिणले. तुमचा प्रश्न लिहून द्या, पुढच्या व्याख्यानाची सुरुवात त्यानेच करते.